कोलंबियातल्या दुकानाची पाटी

परवा रात्री जेवणं उरकून ओटा पुसत होते, तेवढ्यात भाचीचा फोटो आला. रस्त्याच्या कडेला एका खांबावर बसवलेली पाटी, वर ऊन पडलेलं, मागं मोकळी जागा. खाली लिहिलं होतं, ‘मावशी, हीच ती दुकानाची जागा.’ मी हात कोरडे केले आणि तो फोटो मोठा करून वाचत बसले. बाजूला माय चष्मा शोधू लागली. ‘काय आलंय? मला बी दाव.’

माझी भाची कोलंबियाला पीएच.डी. करते. 2018 साली तिचं जायचं ठरलं तेव्हा मायनं अख्ख्या आळीत सांगितलं होतं की नात बाबासाहेबांच्या कोलंबियाला चालली. बाबासाहेब 1913 मध्ये गेले ते कोलंबिया विद्यापीठ न्यूयॉर्कला आहे, आणि हे कोलंबिया नावाचं शहर साउथ कॅरोलिना राज्याची राजधानी आहे, हे मी तिला दोन-तीनदा समजावलं. ‘नाव तर तेच हाय ना,’ म्हणाली आणि पेढे वाटायला गेली. मी पुढं बोलले नाही. तिच्या पेढ्यांवर पाणी टाकणारी मी कोण.

मी नांदेडला कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. अमेरिकेच्या निवडणुकीचा भाग आला की पोरं कंटाळतात, कारण पुस्तकात तो अगदी कोरडा लिहिलेला असतो. मी त्यांना सांगते, तिथं निवडणूक दोनदा होते. नोव्हेंबरात दोन पक्षांचे उमेदवार समोरासमोर येतात ती दुसरी. त्याआधी, पक्षाचा उमेदवार कोण असावा यासाठी राज्याराज्यांत साधे मतदार रांगेत उभे राहतात, ती पहिली. तिला प्रायमरी म्हणतात. हे ऐकल्यावर दरवर्षी कोणीतरी एक पोरगं हात वर करतं आणि विचारतं, ‘मॅडम, म्हणजे तिकीट लोक देतात?’

त्या एका प्रश्नासाठी मी तो तास घेते.

मला स्वतःला हे नीट कळलं ते पुस्तकातून नाही. 1 मार्च 2020, रविवार, पहाटे साडेपाच. बारावीची परीक्षा चालू होती, पण रविवार म्हणून पर्यवेक्षणाला जायचं नव्हतं. तरी मी उठून बसले होते. साउथ कॅरोलिनात 29 फेब्रुवारीला सकाळी सातपासून डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीचं मतदान होतं, आणि तिथले संध्याकाळचे सात म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. भाचीला मताचा अधिकार नाही, ती विद्यार्थिनी. पण तिच्या शेजारच्या काकू मतदानाला गेल्या तेव्हा ती सोबत केंद्राच्या बाहेरपर्यंत जाऊन आली होती आणि मला सगळं सांगत होती. त्या राज्यात मतदार यादीत नाव नोंदवताना पक्ष सांगावा लागत नाही. केंद्रावर ओळखपत्र दाखवायचं आणि मत टाकायचं. दोन्ही पक्षांची प्रायमरी असेल तर त्यातली एकच निवडायची, एवढीच अट. त्या वर्षी तिथं रिपब्लिकन पक्षानं राष्ट्राध्यक्षपदाची प्रायमरी घेतलीच नाही, ट्रम्प पदावर होते.

माय चुलीपुढं, म्हणजे आता गॅसपुढं, चहा टाकत होती. तिनं विचारलं, ‘कोन हाय उभं?’

मी सांगितलं, जो बायडन. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस. राष्ट्राध्यक्ष व्हायचं म्हणून याआधी 1988 च्या आणि 2008 च्या निवडणुकीत उतरला होता आणि एकदाही एकही राज्य जिंकू शकला नव्हता. या वेळी आधी मतदान झालेल्या राज्यांत, आयोवात चौथा आला, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवा, नेवाडात दुसरा, तोही प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्सच्या बराच मागं. पेपरवाले त्याला संपलेला धरून चालले होते.

‘मग आता काऊन उभा हाय?’

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला जिम क्लायबर्न सांगावा लागला, आणि क्लायबर्न सांगितला की ती म्हातारी सांगावीच लागते.

जिम क्लायबर्न हे साउथ कॅरोलिनाचे काळे खासदार, 1993 पासून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात. तरुणपणी वर्णभेदाविरुद्धच्या आंदोलनात पकडले गेले, आणि त्यांची बायको एमिली त्यांना पहिल्यांदा भेटली ती 1960 साली ऑरेंजबर्गच्या तुरुंगात. ती 2019 च्या सप्टेंबरात वारली. त्या राज्यात डेमोक्रॅटिक प्रायमरीला येणाऱ्या मतदारांत निम्म्याहून जास्त लोक काळे असतात, त्यामुळे क्लायबर्न काय म्हणतात याकडं सगळ्यांचे कान लागले होते, आणि ते काहीच म्हणत नव्हते. अशात मतदानाला आठवडाभर राहिला असताना ते आपल्या हिशेबनिसाच्या मयतीला चर्चमध्ये गेले. तिथं पुढच्या रांगेत एक वयस्कर बाई बसली होती. तिनं बोटानं खूण करून त्यांना जवळ बोलावलं. म्हणाली, मत कोणाला देणार आहात? चारचौघांत सांगायचं नसेल तर वाका, कानात सांगा. ते वाकले, कानात नाव सांगितलं. त्यावर ती म्हणाली की मला हे ऐकायचं होतं, आणि आपल्या लोकांनाही तुमच्याकडून हे ऐकायचंय. 26 फेब्रुवारीला क्लायबर्ननी जाहीर केलं, मी बायडनला मत देणार.

मायच्या हातात चहाची गाळणी तशीच राहिली. ‘पुढच्या रांगंत बसली व्हती?’

‘हो.’

‘आन तिनं बोटानं बलावलं खासदाराला?’

‘हो गं.’

‘आन तो आला?’

माझ्याकडं बघत नव्हती ती. चहा गाळून झाला तरी पातेलं खाली ठेवलं नाही.

तेवढ्यात निकाल आला. मतदान संपल्या संपल्याच वाहिन्यांनी बायडन जिंकले असं जाहीर करून टाकलं. पुढं आकडे आले: सुमारे 5 लाख 39 हजार लोकांनी मतं टाकली, त्यातली निम्म्याला थोडी कमी बायडनला, सँडर्सना 20 टक्क्यांच्या आसपास. राज्यातले सगळेच्या सगळे 46 जिल्हे बायडनकडं. पक्षाचा उमेदवार ठरवायला अधिवेशनाला जाणारे 54 प्रतिनिधी या मतांवरून वाटले जाणार होते. 15 टक्क्यांच्या खाली राहिला त्याला राज्याच्या वाट्यातून काही नाही. बायडनला 39 मिळाले, सँडर्सना 15. टॉम स्टायर नावाच्या अब्जाधीशानं त्या राज्यात जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओतला होता. त्याला 11 टक्के मतं पडली आणि प्रतिनिधी एकही नाही. त्याच रात्री त्यानं माघार घेतली. दोन दिवसांत पीट बुटिजज आणि एमी क्लोबुचार हे आणखी दोन उमेदवार बाजूला झाले, 3 मार्चला चौदा राज्यांचं मतदान एकदम झालं, त्यातली दहा बायडननी घेतली. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. त्या प्रायमरीच्या चार दिवस आधी चार्ल्सटनच्या वादविवादात त्यांनी शब्द दिला होता की सर्वोच्च न्यायालयावर काळ्या स्त्रीला नेमीन. 2022 मध्ये केतांजी ब्राउन जॅक्सन तिथं गेल्या. एवढं सगळं त्या एका शनिवारच्या मतदानातून निघालं, हे मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प होतात.

पण माझी माय का गप्प झाली ते वर्गात सांगता येत नाही, म्हणून इथं लिहिते.

फेब्रुवारी 2012. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुका. आमच्या गावाचा गण, म्हणजे पंचायत समितीचा मतदारसंघ, सोडतीत अनुसूचित जातीच्या महिलेला राखीव सुटला. माय तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची. एका पक्षाचं काम तिनं पंधरा वर्षं केलेलं. मतदार चिठ्ठ्या वाटणं, सभेला बायका टेम्पोत बसवून नेणं, बूथवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत उपाशी बसणं. तिनं स्वतः दोन बचत गट उभे केले होते आणि कापूस वेचून आल्यावर रात्री कंदिलाजवळ त्यांची वही लिहायची. सोडत झाली त्या संध्याकाळी तालुक्याचे पुढारी स्वतः घरी आले, आमच्या पलंगावर बसले, चहा प्याले आणि म्हणाले, ‘मायबाई, तयारीला लागा. फॉर्म तुमचाच.’

तयारी म्हणजे कागद. जातीचा दाखला, वैधतेसाठीचे हेलपाटे, थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालय असल्याचा दाखला, बाँडवरचं शपथपत्र, नोटरीचा शिक्का, सूचकाच्या सह्या. मी आठवडाभर रजा टाकून तिच्यासोबत फिरले. सगळे कागद तिनं एका निळ्या प्लास्टिकच्या फाइलीत ठेवले. फाइलीचं बटण तुटलेलं होतं, म्हणून वरून रबर लावलेलं. शेवटच्या दिवशी ती पांढरी साडी, निळ्या काठाची, नेसून सकाळी नऊलाच तहसीलच्या आवारात जाऊन बसली. दुपारी अर्ज दाखल केला, पोचपावती घेतली. आता फक्त पक्षाचा एबी फॉर्म यायचा होता. तो तीनच्या आत जोडला गेला तर चिन्ह मिळणार, नाहीतर अपक्ष.

अडीच वाजता पुढाऱ्यांची गाडी आली. माय लिंबाखालून उठली. साडीचा पदर सारखा केला आणि दोन पावलं पुढं गेली. गाडीतून उतरलेल्या माणसाच्या हातात पाकीट होतं. तो तिच्या शेजारून, अगदी हाताच्या अंतरावरून, आत गेला. पाकिटात नाव दुसऱ्या बाईचं होतं. तिचा नवरा एका मोठ्या घराण्याच्या शेतातल्या आखाड्यावर कामाला. ती बाई पक्षाच्या एका सभेलाही कधी आलेली मी पाहिली नाही. तिला मी दोष देत नाही. तिलाही कोणी काही विचारलेलं नव्हतं, तिला फक्त सही करायला बसवलं होतं.

मायनं मला एवढंच विचारलं, ‘कोनी ठरवलं?’

मी त्या दिवशी बऱ्याच जणांना विचारलं. तालुक्याचे म्हणाले जिल्ह्यानं, जिल्ह्याचे म्हणाले मुंबईनं. तिसऱ्या एकानं मला शांतपणे सांगितलं, ‘मॅडम, हा पक्षाचा अंतर्गत निर्णय असतो.’

छाननीत मायचा अर्ज अपक्ष म्हणून वैध ठरला. अर्ज मागं घ्यायच्या आदल्या रात्री पुढारी पुन्हा आले, त्याच पलंगावर बसले. ‘पुढच्या बारीला तुम्हीच.’ बचत गटाच्या कर्जाचाही विषय त्यांनी अगदी सहज काढला. सकाळी मायनं अर्ज मागं घेतला. आणि 2017 च्या निवडणुकीची सोडत निघाली तेव्हा आरक्षण फिरलं, तो गण खुल्या प्रवर्गात गेला. पुढची बारी आलीच नाही.

‘पक्षाचा अंतर्गत निर्णय’ हे तीन शब्द मी विसरू शकले नाही. आणि म्हणूनच भाचीनं ज्या दुकानाच्या जागेचा फोटो पाठवला, त्या माणसाची गोष्ट मला आमच्या घरातली वाटते.

जॉर्ज एल्मोर त्याचं नाव. काळा माणूस, कोलंबियात छोटं दुकान चालवायचा, टॅक्सी चालवायचा, फोटोही काढायचा. त्या काळात साउथ कॅरोलिनात डेमोक्रॅटिक पक्षाशिवाय दुसरा पक्ष नावालाच होता. प्रायमरी जिंकला तो निवडून आलाच म्हणून समजा. आणि प्रायमरीत मत फक्त गोऱ्यांना. नोव्हेंबरात काळ्या माणसानं मत टाकलं तरी काय, सगळं आधीच ठरलेलं. 1944 साली टेक्सासच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं असली गोरी प्रायमरी घटनाबाह्य ठरवली. त्यावर साउथ कॅरोलिनानं काय केलं? विधिमंडळाचं खास अधिवेशन भरवलं आणि प्रायमरीचा उल्लेख असलेले दीडशेच्या आसपास कायदे आठवडाभरात पुसून टाकले. म्हणजे आता सरकारचा प्रायमरीशी संबंधच उरला नाही, पक्ष म्हणजे एक खासगी क्लब, आणि क्लबात कोणाला घ्यायचं हे क्लब ठरवणार.

पक्षाचा अंतर्गत निर्णय!

1946 च्या ऑगस्टमध्ये एल्मोर प्रायमरीला मत द्यायला गेला. त्याला परत पाठवलं. तो कोर्टात गेला. त्याच्या वकिलांत थर्गुड मार्शल होते, जे पुढं सर्वोच्च न्यायालयाचे पहिले काळे न्यायमूर्ती झाले. निकाल दिला न्यायाधीश वेटीज वेअरिंग यांनी, जुलै 1947 मध्ये. चार्ल्सटनच्या जुन्या खानदानी गोऱ्या घरातला माणूस, बाप गुलामगिरीच्या बाजूनं लढलेल्या सैन्यातला. त्यांनी लिहिलं की साउथ कॅरोलिनानं आता पुन्हा संघराज्यात सामील व्हायची वेळ आली आहे. जिथं राज्याचा कारभार कोण करणार हे ठरतं, त्या जागेला खासगी क्लब म्हणता येणार नाही. त्यावरही पक्षानं अट घातली की वर्णभेद मान्य असल्याची शपथ घ्या, मग मत द्या. वेअरिंगनी तीही मोडून काढली. 10 ऑगस्ट 1948 ला सुमारे 35 हजार काळ्या लोकांनी साउथ कॅरोलिनाच्या प्रायमरीत मत टाकलं.

ही तारीख मी फळ्यावर मुद्दाम लिहिते. पुढच्याच महिन्यात, 17 सप्टेंबर 1948 ला, आपला मराठवाडा निजामाच्या राज्यातून मोकळा झाला. त्या 35 हजारांच्या रांगेत आणि आमच्या आजोबांच्या पहिल्या मताच्या रांगेत फार वर्षांचं अंतर नव्हतं.

वेअरिंगना त्यांच्याच लोकांनी वाळीत टाकलं, शेवटी ते न्यूयॉर्कला निघून गेले. एल्मोरला त्याहून वाईट दिवस आले. माल पुरवणाऱ्यांनी दुकानाचा माल बंद केला, बँकांनी कर्ज एकदम परत मागितलं. सगळं गेलं. 1959 साली तो वारला. कर्जाची धमकी किती हळू आवाजात देता येते हे मी आमच्या घरात ऐकलेलं आहे.

आपल्याकडं अशी प्रायमरी कधी नव्हतीच, असं पुष्कळ जण म्हणतात. ते खरं नाही, आणि हे आपल्या लोकांना माहीत असायला हवं असं मला फार वाटतं. 24 सप्टेंबर 1932 च्या पुणे करारात ती लिहिलेली आहे. राखीव जागेसाठी त्या मतदारसंघातल्या अस्पृश्य मतदारांनी आधी स्वतः मतदान करून चार जणांची निवड करायची, आणि मग त्या चारांतून सगळ्या मतदारांनी एक निवडायचा. प्राथमिक निवडणूक असाच शब्द. मुदत दहा वर्षांची. आमच्या माणसांतून कोण उभं राहणार हे आधी आमची माणसं ठरवतील, ही त्यातली गोष्ट. ब्रिटिश मुलखात 1937 मध्ये ती वापरली गेली. आपण निजामाकडं, म्हणून मराठवाड्यानं ती पाहिली नाही. स्वातंत्र्यानंतर राखीव जागा राहिल्या, ती आधीची पायरी गेली. आता राखीव जागेवर कोण बसणार हे त्या पाकिटात येतं.

2014 मध्ये काँग्रेसनं लोकसभेच्या मोजक्या जागांवर प्रायमरीचा प्रयोग केला, त्यात आपलं लातूर होतं, तेही राखीव. पण मत द्यायचा अधिकार पक्षाच्या पदाधिकाऱ्यांपुरता. निवडणुकीत तिथून भाजपचे सुनील गायकवाड आले, आणि प्रयोग मागं पडला. मला वाटतं तो हरला म्हणून सोडायला नको होता. बचत गटाची वही लिहिणाऱ्या बाईपर्यंत तो पोचू द्यायला हवा होता.

मला कोणी म्हणेल, अमेरिकेतही शेवटी एका नेत्याच्या शब्दावरच मतं फिरली ना. फिरली. पण तो शब्द मागायला एक म्हातारी होती, आणि तिच्या हातात मत होतं. तिनं बोलावल्यावर त्यांना वाकावं लागलं.

तर परवा रात्री पाटीचा फोटो मी मायला वाचून दाखवला, मराठीत सांगत सांगत. तिचं वय आता सत्तरीच्या पुढं, ऐकू कमी येतं, म्हणून दोनदा सांगितलं. तिनं एल्मोरचं दुकान कशाचं होतं ते विचारलं. ‘किरकोळ सामानाचं.’ मग बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं झोप आली.

उठून आतल्या खोलीत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. परत आली तेव्हा हातात ती निळी फाइल होती. रबर कधीच तुटून चिकटून गेलं होतं, ते नखानं काढून तिनं आतला एक कागद बाहेर ओढला, अर्ज दाखल केल्याची पोचपावती. शाई फिकट झालीय, पण मायचं नाव, गणाचं नाव आणि कारकुनाच्या हातची वेळ वाचता येते.

‘हे धाड तिला,’ म्हणाली. ‘म्हनावं, तुझ्या आज्जीनं बी भरला व्हता.’

ट्यूबलाइटचा उजेड कागदावर चमकत होता, म्हणून मी पावती फरशीवर ठेवली, स्वतः आडवी उभी राहून सावली धरली आणि फोटो काढला. मायनं कोपरे बोटांनी दाबून धरले होते, तिची बोटंही फोटोत आली आहेत. तसाच पाठवला. कोलंबियात तेव्हा दुपार व्हायची होती.

भाचीनं फोटो मोठा करून पाहिला असणार, कारण तिचा पहिला प्रश्न वेळेबद्दल होता. ‘मावशी, 2 वाजून 10 मिनिटं लिहिलंय का?’

हो, 2 वाजून 10.